औषध महानियंत्रकांना खुले पत्र : पिल्लाचं वय त्याच्या किडनीवरून मोजा

प्रति,
मा. औषध महानियंत्रक, भारत,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली
आणि मुलांच्या औषधांचे अर्ज तपासणाऱ्या विषयतज्ज्ञ समितीचे सर्व सदस्य

विषय : नवजात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीच्या औषधांचे पिल्लांवरील अभ्यास व किडनीची वाढ

सन्माननीय महोदय आणि सदस्यहो,

मी पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्ट आहे. एखादं औषध माणसाच्या लेकराला देण्याआधी ते उंदरांच्या, कधी सशांच्या किंवा डुकरांच्या पिल्लांना दिलं जातं. त्या पिल्लांच्या अवयवांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचे आणि काय दिसलं ते लिहायचं, हे माझं रोजचं काम. या कामात सर्वांत जास्त वेळा लिहिली जाणारी ओळ अशी असते : ‘किडनी – औषधाशी संबंधित बदल नाही.’ ही ओळ अहवालात जाते, अहवाल अर्जाच्या गठ्ठ्यात जातो आणि गठ्ठा आपल्या टेबलावर येतो. तिथे तिचा अर्थ ‘वाढत्या किडनीला धोका नाही’ असा लागतो. माझ्या ओळीत एवढं वजन नसतं. ते का नसतं आणि ते यावं म्हणून आपण काय करू शकता, हे सांगायला हे पत्र.

किडनी आणि लहान मुलं म्हटलं की सध्या कुणालाही छिंदवाडा आठवतं, म्हणून आधी तेवढं बाजूला काढते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉलमुळे तिथली वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतल्या अनेकांना शेवटी नागपूरच्या रुग्णालयांत आणलं होतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने १४ रुग्ण दगावले. १९३७ मध्ये अमेरिकेत शंभरावर माणसं मेली आणि त्यातून तिथला औषध कायदा उभा राहिला. पण हा सगळा विषाचा आणि निष्काळजीपणाचा इतिहास आहे. त्यावरचा उपाय कच्च्या मालाची चाचणी आणि कारखान्यांची तपासणी हाच. त्यासाठी एकाही उंदराची गरज नाही. मी लिहिते आहे ते शुद्ध, नीट बनवलेल्या, योग्य डोसमध्ये आणि योग्य कारणासाठी दिलेल्या औषधांबद्दल. ती औषधं अशा किडनीत पोचतात, जी अजून बनतेच आहे. तिथे त्या आठवड्यात कुणी मरत नाही, म्हणून बातमी होत नाही. फरक पडलाच तर तो पस्तिशी-चाळिशीत रक्तदाबाच्या रूपाने दिसतो, आणि तोवर काचेच्या पेटीतले ते पहिले दिवस कुणाच्या कागदपत्रांत उरलेले नसतात.

आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. माणसाची कायमची किडनी गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास घडू लागते आणि नवे नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून लघवी बनवणारे किडनीचे सूक्ष्म घटक, बनण्याचं काम ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत आटोपतं. जवळजवळ ६० टक्के नेफ्रॉन शेवटच्या तिमाहीत तयार होतात. एका किडनीत सरासरी नऊ-दहा लाख नेफ्रॉन असतात, पण माणसामाणसांत दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत फरक सापडतो. त्यानंतर आयुष्यात एकही नवा नेफ्रॉन बनत नाही. हे मुद्दल एकदाच मिळतं.

पूर्ण दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा मोजणी संपलेली असते. उरतं ते कामाला लागणं. त्याची गाळण्याची क्षमता प्रौढ शरीराच्या मापाने मिनिटाला साधारण २० मिलिलिटर असते, दोन आठवड्यांत ती दुप्पट होते आणि वर्ष-दोन वर्षांत प्रौढांच्या बरोबरीला येते. मात्र २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचे नेफ्रॉन आईच्या पोटाबाहेर, नवजात विभागातल्या पेटीत बनत असतात. अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शवविच्छेदनांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की हे काम जन्मानंतर सुमारे ४० दिवस चालतं आणि मग थांबतं, पोटात असतं तर जेवढं झालं असतं तेवढं झालेलं असो वा नसो. याच ४० दिवसांत त्या बाळाला जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिन मिळतं, हृदयाजवळची नलिका बंद व्हावी म्हणून आयबुप्रोफेन किंवा इंडोमेथासिन मिळतं, लघवी वाढवायला फ्युरोसेमाइड मिळतं. २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली. जगात कुठल्याही देशात एवढी जन्मत नाहीत. हा प्रश्न आपल्याइतका दुसऱ्या कुणाचाच नाही.

प्राण्यांकडे वळायचं ते इथे. रॅटचं, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराचं, पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या किडनीत नेफ्रॉनचा थोडाच भाग तयार असतो. बाकीचे जन्मानंतर बनतात आणि आठव्या-दहाव्या दिवशी काम पुरं होतं. माउसमध्ये, म्हणजे छोट्या उंदरात, ते पहिल्या काही दिवसांतच संपतं. कुत्र्याच्या पिल्लाला साधारण दोन आठवडे लागतात, सशाच्या पिल्लाला दोन ते तीन, डुकराच्या पिल्लाला तीन. गिनीपिग, मेंढी आणि माकड मात्र माणसासारखे हे काम पोटातच उरकून येतात. म्हणजे रॅटचं एक दिवसाचं पिल्लू किडनीच्या हिशेबाने नवजात बाळ नसतं, ते आईच्या पोटातल्या मधल्या महिन्यांच्या गर्भाजवळ असतं. मेंदूचा हिशेब धरला तर सातव्या ते दहाव्या दिवसाचं रॅटचं पिल्लू पूर्ण दिवसांच्या बाळाशी जुळतं असं मानतात. यकृताचं वेळापत्रक आणखी वेगळं. गाळण्याच्या क्षमतेचं तर त्याच किडनीत स्वतंत्र गणित आहे : रॅटमध्ये ती सहाव्या आठवड्याच्या आसपास प्रौढ होते, माणसाला वर्ष-दोन वर्षं लागतात.

एकाच पिल्लाच्या अंगात अशी चार-पाच वयं एकाच वेळी असतात. तरीही अर्जांमध्ये एकच रकाना असतो : ‘डोस सुरू करतानाचं वय’. तिथे सातवा दिवस लिहिलेला असला की तो नवजात बाळाशी जुळवला जातो आणि पुढे सरकलं जातं. पण सातव्या दिवशी रॅटचे बहुतेक नेफ्रॉन बनून गेलेले असतात. २७ आठवड्यांच्या बाळाच्या किडनीबद्दल काही विचारायचं असेल, तर उत्तर पहिल्या चार-पाच दिवसांत आहे. सातव्या दिवसानंतर तो प्रश्न त्या पिल्लाला विचारताच येत नाही. एकविसाव्या दिवशी, दूध सोडवल्यावर डोस सुरू करणाऱ्या अभ्यासाबद्दल तर बोलायलाच नको.

या वेळापत्रकाचं महत्त्व किती, हे रक्तदाबाच्या औषधांनी फार नेमकं दाखवून दिलं आहे. एसीई रोधक गोळ्या गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत घेतल्या तर गर्भाभोवतीचं पाणी कमी होतं, किडनीच्या नलिका नीट घडत नाहीत, कवटीची हाडं अपुरी राहतात. अमेरिकेत १९९२ मध्ये या औषधांवर ठळक इशारा छापला गेला. हे का होतं, हे उलगडलं ते रॅटच्या पिल्लांमुळे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात नवजात रॅटना यांपैकीच एक औषध, एनालाप्रिल, दिलं. तिसऱ्या ते तेराव्या दिवसांदरम्यान ते मिळालेल्या पिल्लांच्या किडनीचा आतला टोकाचा भाग, पॅपिला, झिजून गेला आणि औषध थांबवल्यावरही त्यांची लघवी घट्ट करण्याची क्षमता परत आली नाही. दोन आठवड्यांपुढच्या पिल्लांना तेच औषध दिलं तर तसं नुकसान झालं नाही. अँजिओटेन्सिन हे रसायन प्रौढ शरीरात रक्तदाब सांभाळतं, पण पिल्लाच्या किडनीत ते घडणीच्या कामाला जुंपलेलं असतं. औषध ते रोखण्याचं आपलं ठरलेलं काम चोख करतं आणि म्हणूनच घडण बिघडते.

पुढे व्हालसार्टान या रक्तदाबाच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत हेच ज्ञान मुलांच्या कामी आलं. सातव्या दिवसापासून सत्तराव्या दिवसापर्यंत डोस दिलेल्या रॅटच्या पिल्लांत, अगदी कमी डोसलाही, किडनीचं कायमचं नुकसान दिसलं. असा निष्कर्ष हाती आला की कुठलाही नियामक दचकेल, आणि दचकून औषध मुलांसाठी बंद करून टाकणं सोपं होतं. तसं झालं नाही. हे नुकसान रॅटच्या पहिल्या १३ दिवसांतल्या डोसमुळे होतं. तो काळ माणसात गर्भधारणेपासून सुमारे ४४ आठवड्यांपर्यंतच्या काळाशी जुळतो. म्हणून सहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी हा वाढीव धोक्याचा इशारा मानू नये, असं अमेरिकेतल्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं गेलं. युरोपात त्याला पुस्ती आहे की एक वर्षाखालच्या बाळांबाबत धोका नाकारता येत नाही. वेळापत्रक हाती नसतं तर एक तर दहा वर्षांच्या मुलांचं औषध गेलं असतं, नाही तर दोन महिन्यांच्या बाळाची काळजी कुणी घेतली नसती. अलिस्किरेनची गोष्ट याच घराण्यातली, पण कारण निराळं. आठ दिवसांच्या पिल्लांच्या रक्तात ते औषध मोठ्या रॅटपेक्षा कित्येक पटींनी चढलं, कारण औषध पेशीबाहेर ढकलणारी प्रथिनं तेव्हा पुरती तयार नव्हती. आज ते दोन वर्षांखालच्या मुलांना वर्ज्य आहे.

आता माझ्या त्या ओळीकडे येते. ‘बदल नाही’ लिहिताना मी काय पाहिलेलं असतं? किडनीचं वजन, रक्तातलं क्रिएटिनिन आणि युरिया (किडनी मंदावली की वाढणारे टाकाऊ घटक), आणि प्रत्येक किडनीचा एखाद-दुसरा काप. त्या कापात नलिकांच्या पेशी मेलेल्या असतील, सूज असेल, काही साठलेलं असेल तर ते मला दिसतं. नेफ्रॉन पाचवा हिस्सा कमी असतील तर दिसत नाही. रॅटच्या किडनीत सुमारे तीस हजार असतात. एका कापातल्या गोलांवरून (ग्लोमेरुलस, म्हणजे नेफ्रॉनच्या गाळण्या) एकूण आकडा डोळ्यांनी सांगणं कुणालाही शक्य नाही. क्रिएटिनिनही सांगत नाही, कारण उरलेले नेफ्रॉन जास्तीचं काम उचलून घेतात. एक किडनी दान केलेल्या माणसाचं क्रिएटिनिनही बहुधा मर्यादेतच राहतं. वजन सांगत नाही, कारण उरलेले नेफ्रॉन फुगतात. आणि काप घेताना तो पॅपिलाच्या मधून गेला नसेल, तर एनालाप्रिलने केलं तसं नुकसानही हातून निसटू शकतं. इतक्या साध्या गोष्टीवर निकाल लटकलेला असतो, आणि अर्जात मात्र कापाची दिशा लिहिलेली क्वचितच असते.

जेंटामायसिन हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. जुन्या प्रयोगांत वारंवार आढळलं आहे की त्याने होणारी किडनीची इजा प्रौढ प्राण्यांपेक्षा पिल्लांमध्ये कमी दिसते. कारणही पटण्याजोगं आहे : पिल्लाच्या किडनीच्या बाहेरच्या थराला रक्त कमी पोचतं आणि हे औषध ओढून घेणाऱ्या नलिकांच्या पेशी अजून तितक्या तयार नसतात. नेहमीच्या मापांनी पाहिलं तर पिल्लू प्रौढापेक्षा सुरक्षित ठरतं. पण गाभण रॅट माद्यांना जेंटामायसिन दिल्यावर जन्मलेल्या पिल्लांचे नेफ्रॉन मोजले, तर ते कमी भरले. औषध तेच, प्राणी तोच, अवयव तोच. एका मोजपट्टीवर अभय आणि दुसरीवर तोटा. आपल्या टेबलावर बहुतेक वेळा पहिलीच मोजपट्टी येते.

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहिते. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला जेंटामायसिन देऊ नका, असं मी म्हणत नाही. म्हणणाऱ्याला मी वेडा म्हणेन. ते इंजेक्शन जीव वाचवतं, आणि गावपातळीवरच्या परिचारिकेला ते देण्याची मुभा मिळाली ते योग्यच झालं. ज्याला आपण दुसऱ्या कशाने बदलू शकत नाही, त्याची किंमत तरी माहीत असावी, इतकंच. किती दिवस द्यायचं, त्यासोबत आयबुप्रोफेन त्याच दिवशी द्यायचं की थांबायचं, या प्रश्नांची उत्तरं त्या किमतीवर ठरतात. आयबुप्रोफेनच्या घराण्याबद्दलही पिल्लांनी आधीच बोलून ठेवलं आहे : ही औषधं ज्या कॉक्स-२ ला रोखतात, त्याचं जनुक काढून टाकलेल्या माउसची किडनी जन्मानंतर नीट वाढत नाही, हे १९९५ पासून माहीत आहे.

नेफ्रॉन कमी असले म्हणून बिघडलं काय, असा प्रश्न येईल. २००३ मध्ये जर्मनीत अपघातात मरण पावलेल्या मध्यमवयीन माणसांच्या किडन्या मोजल्या गेल्या. रक्तदाब असलेल्यांच्या एका किडनीत नेफ्रॉनचा मध्यक सुमारे सात लाख निघाला, रक्तदाब नसलेल्यांच्या किडनीत सुमारे चौदा लाख. माणसं थोडी होती, दोन्ही गटांत दहा-दहा, आणि सगळ्या वंशांत हे नातं इतकं ठळक दिसलेलं नाही. तरीही आपल्या देशात हा आकडा वाचून अस्वस्थ व्हायला हवं, कारण जन्मवजन एका किलोने कमी असेल तर किडनीमागे सुमारे अडीच लाख नेफ्रॉन कमी, असा अंदाज शवविच्छेदनांतून निघालेला आहे. आपल्याकडे वजन केलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं अडीच किलोखाली भरतात, असं पाचवं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. आईच्या पोषणाची छाया मुलाच्या पुढच्या आयुष्यावर कशी पडते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने जगाला दाखवलं. ते काम मुख्यतः मधुमेहाबद्दलचं, पण किडनीलाही तोच प्रश्न लागू आहे. गाभण रॅटला कमी प्रथिनांचा आहार दिला तर पिल्लांचे नेफ्रॉन कमी होतात, हे अनेक प्रयोगशाळांत सिद्ध झालं आहे. आणि आपण औषधं तपासतो ती भरपेट खाणाऱ्या, जाडजूड मादीच्या पिल्लांवर.

तर मागणं काय? सर्वांत आधी वयाचा रकाना बदला. नवजात बाळांसाठीच्या औषधाच्या अर्जात मुलांचं वय ‘० ते २८ दिवस’ असं न घेता गर्भधारणेपासूनच्या आठवड्यांत लिहून घ्या, आणि त्यासमोर निवडलेल्या प्राण्यात किडनीची तीच अवस्था कोणत्या दिवशी येते हे कारणासह मागा. आयसीएच या औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं पिल्लांवरच्या अभ्यासाचं मार्गदर्शन, एस-११, एप्रिल २०२० मध्ये अंतिम झालं. आधी उपलब्ध पुरावा तोला, मग गरज असेल तरच पिल्लांवर प्रयोग करा आणि प्रयोग केलात तर तो नेमक्या प्रश्नासाठी रचा, असं त्याचं सांगणं आहे. भारत त्या परिषदेत निरीक्षक आहे, त्यामुळे ते आपल्यावर बंधनकारक नाही. पण त्यातला हा विचार आपल्या सूचनांमध्ये उतरवायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या २०१९ च्या नवीन औषधे व चाचण्यांच्या नियमांत मुलांवरच्या चाचण्या आधी मोठ्या मुलांवर, मग लहानांवर आणि शेवटी अर्भकांवर, असा क्रम आहे. चाचण्यांसाठी तो शहाणपणाचा आहे. पण प्राण्यांची माहितीही त्याच क्रमाने येऊ लागली तर सर्वांत नाजूक किडनीचा प्रश्न सर्वांत शेवटी सुटतो, आणि तोवर औषध बाजारात येऊन नवजात विभागात वापरलंही जात असतं.

दुसरं, नेफ्रॉन मोजायला लावा. सगळ्या औषधांसाठी नको; जी औषधं ३६ आठवड्यांपूर्वीच्या बाळांपर्यंत पोचणार आहेत आणि किडनीतून बाहेर पडतात किंवा किडनीच्या घडणीतल्या एखाद्या रसायनाला हात घालतात, तेवढ्यांसाठी. स्टिरिओलॉजीची, म्हणजे अनेक कापांवरून एकूण संख्या काढण्याची, शास्त्रशुद्ध पद्धत आहे, तिला वेळ आणि प्रशिक्षण लागतं. पण त्याहून जुनी, स्वस्त पद्धतही आहे : एक किडनी हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करून तिच्यातले ग्लोमेरुलस मोकळे करायचे आणि ठरावीक थेंबांत मोजायचे. दुसरी किडनी नेहमीप्रमाणे स्लाइडसाठी. यासाठी एकही जास्तीचा प्राणी लागत नाही. सोबत रात्रभर पाणी बंद ठेवून सकाळच्या लघवीची घनता मोजली, तर पॅपिलाचं दुखणं क्रिएटिनिनच्या कितीतरी आधी पकडलं जातं. आणि काही पिल्लं डोस थांबवून मोठी होईपर्यंत ठेवायला सांगा, शेपटीवरून त्यांचा रक्तदाब मोजायला सांगा. सहा महिन्यांचा रॅट प्रौढ असतो. माणसाची चाळिशी पाहायला आपल्याला चाळीस वर्षं थांबायचं नाही.

रक्तातली औषधाची पातळीही त्या लहान वयातच मोजलेली हवी. दहा-पंधरा ग्रॅमच्या पिल्लात जेमतेम एक मिलिलिटर रक्त असतं, एकेका पिल्लातून पुन्हा पुन्हा ते काढता येत नाही. म्हणून अनेकदा हा भाग मोठ्या पिल्लांवर उरकला जातो. अलिस्किरेनचा अनुभव पाहता ही सवलत देऊ नये.

तिसरी मागणी उलट दिशेची आहे, आणि माझ्या धंद्यातल्या काही मंडळींना ती आवडणार नाही. औषध सहा वर्षांच्या मुलांसाठी असेल, प्रौढांतला अनुभव भरपूर असेल आणि किडनीबद्दल काही वेगळी शंका नसेल, तर पिल्लांवरचा अभ्यास मागूच नका. सहा वर्षांच्या मुलाची किडनी घडून आणि परिपक्व होऊन बसलेली असते. ‘मुलांचं औषध आहे, एक ज्युव्हेनाइल स्टडी लावून टाका’ हे वाक्य मी बैठकांमध्ये ऐकलेलं आहे. त्यात शेकडो पिल्लं जातात आणि हाती येतो तो कुणीही न विचारलेल्या प्रश्नाचा निकाल.

२०१९ च्या नियमांतल्या मार्च २०२३ च्या दुरुस्तीने आपण प्राण्यांऐवजी पेशी, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले अवयवाचे सूक्ष्म नमुने), अवयव-चिप यांवरच्या चाचण्यांना दार उघडलं, त्याचं मी स्वागत करते. पण इथे त्यांची मर्यादा सांगणं भाग आहे. मूळपेशींपासून वाढवलेल्या किडनीच्या ऑर्गनॉइडचं वय पहिल्या तिमाहीतल्या गर्भाच्या किडनीइतकं असतं. त्यात रक्त वाहत नाही, लघवी गाळली जात नाही. नलिकेच्या पेशीला औषध विषारी आहे का, हे ते सांगेल. त्या औषधामुळे किती नेफ्रॉन बनायचे राहिले आणि त्याचं तीस वर्षांनी काय होईल, हे आज तरी सांगणार नाही. ज्या प्रश्नाला काचेतली चाचणी उत्तर देऊ शकते तिथे प्राणी नको, हे तत्त्व पाळायचं तर उरलेल्या प्रश्नांसाठी प्राणी नीट वापरण्याची जबाबदारी वाढते.

प्राणी प्रयोग नियंत्रण समितीलाही या पत्राची प्रत देते आहे, ती एका विशिष्ट विनंतीसाठी. रॅटच्या एका वेतात दहा-बारा, कधी त्याहून जास्त पिल्लं होतात. वाढ सारखी राहावी म्हणून जन्मानंतर चौथ्या दिवशी अनेक प्रयोगशाळा प्रत्येक आईजवळ आठ किंवा दहा ठेवतात, कारण लहान वेतातल्या पिल्लांना दूध जास्त मिळतं, ती भरभर वाढतात आणि किडनीवरही त्याचा परिणाम होतो. बाकीच्या पिल्लांना वेदनारहित मरण दिलं जातं आणि ती फेकली जातात. चौथ्या दिवसाची, कोणतंही औषध न मिळालेली, आईबापांची नोंद असलेली ही किडनी म्हणजे नेमकी ती अवस्था, जिच्याबद्दल आपल्याला सर्वांत कमी माहिती आहे. देशातल्या नोंदणीकृत प्रयोगशाळांनी या किडन्या आणि नियंत्रण गटातल्या (औषध न दिलेल्या) मोठ्या पिल्लांच्या किडन्या एका ठिकाणी पाठवल्या, तर रॅटच्या विस्टार आणि स्प्रेग डॉली जातींच्या भारतातल्या वसाहतींसाठी नेफ्रॉनचे सामान्य आकडे दोन-तीन वर्षांत हाती येतील. मग प्रत्येक अभ्यासात नियंत्रण गट मोठा ठेवण्याची गरज कमी होईल. हैदराबादला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्राणी सुविधा आहेच. नवी इमारत बांधायला नको.

पैशाचा प्रश्न उरतो. नवीन औषधाची कंपनी हे खर्च सोसेल, पण जेंटामायसिन, अमिकासिन, फ्युरोसेमाइड यांचं पेटंट संपून जमाना झाला. त्यांच्या पिल्लांवरच्या अभ्यासावर कुठलीही कंपनी रुपया घालणार नाही. अमेरिकेने २००२ च्या कायद्यात अशा जुन्या औषधांच्या मुलांतल्या अभ्यासाचा भार सरकारी संशोधन संस्थेवर टाकला. आपण आरोग्य संशोधन विभागाकडे तशी शिफारस करावी. सुरुवातीला अमिकासिन घ्यावं, आणि त्या अभ्यासात निदान एक गट कमी प्रथिनांवर ठेवलेल्या मादीच्या पिल्लांचा असावा. आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या नवजात विभागात जी बाळं येतात, त्यांच्याशी थोडं तरी साम्य असलेलं पिल्लू तेच.

शेवटची विनंती छोटी आहे. पिल्लांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष कंपनीच्या फायलीत राहू देऊ नका. मंजुरी देताना त्यांचा गोषवारा संकेतस्थळावर टाका : कोणती जात, कोणत्या दिवशी डोस सुरू केला, कोणत्या दिवशी थांबवला, किडनीत काय मोजलं आणि काय मोजलं नाही. पेटीतल्या ९०० ग्रॅमच्या बाळासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरला ‘नवजातांमध्ये सुरक्षितता सिद्ध झालेली नाही’ या छापील वाक्याचा काही उपयोग होत नाही. ‘रॅटमध्ये सातव्या दिवसानंतरच तपासलं आहे’ एवढं जरी लिहिलेलं असलं, तरी त्याला कळेल की त्याच्या बाळाचा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही.

आम्लात किडनी मऊ करून ग्लोमेरुलस मोजण्याची पद्धत समितीसमोर करून दाखवायची असेल, तर मी दिल्लीला यायला तयार आहे. त्यासाठी साधा सूक्ष्मदर्शक पुरतो.

आपली विश्वासू,
एक पशुवैद्यकीय पॅथॉलॉजिस्ट,
पुणे

प्रत माहिती व योग्य कार्यवाहीसाठी :
प्राणी प्रयोग नियंत्रण व पर्यवेक्षण समिती, नवी दिल्ली
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली